सूर्य बाहेरच्या विजेवर चालत नाही: फिरणाऱ्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

"सूर्य आतून पेटलेला नाही, तो बाहेरून येणाऱ्या विजेवर चालणारा एक प्रचंड दिवा आहे" असा एक लांबलचक मेसेज आणि त्याच्यासोबत एक व्हिडिओ सध्या फिरतोय. मला तो माझ्याच तीन माजी विद्यार्थ्यांकडून आला, त्यातला एक आता इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे आणि त्याने खाली विचारलंय, "मॅडम, हे आम्हाला बारावीला का नाही शिकवलंत?" प्रश्न त्याने मनापासून विचारलाय, त्यामुळे नुसतं "खोटं आहे, डिलीट कर" म्हणून मला चालणार नाही. आणि दुसरं म्हणजे त्या मेसेजमधल्या बऱ्याच गोष्टी सुट्या सुट्या घेतल्या तर खऱ्या आहेत, माणूस फसतो तो तिथेच.

मेसेज काय म्हणतो ते आधी सांगते. विश्वातला बहुतेक दिसणारा पदार्थ प्लाझ्मा (म्हणजे अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटून मोकळे झालेला वायू) आहे, प्लाझ्मातून वीज वाहते, पण शास्त्रज्ञ विजेचं नाव काढत नाहीत. सूर्य हे पॉझिटिव्ह टोक आहे, आकाशगंगेतले इलेक्ट्रॉन त्याच्याकडे ओढले जातात आणि त्या करंटवर तो चमकतो. पुरावे म्हणून चार गोष्टी दिल्यात: सूर्याभोवतीचा कोरोना, म्हणजे त्याचं विरळ बाहेरचं वातावरण, पृष्ठभागापेक्षा कितीतरी गरम आहे, सौर वारा, म्हणजे सूर्यातून सतत बाहेर वाहणारा प्लाझ्मा, सूर्यापासून लांब जाताना वेग घेतो, सूर्यावरचे डाग काळे दिसतात म्हणजे आत थंड आहे, आणि न्यूट्रिनो, म्हणजे सूर्याच्या पोटात हायड्रोजनचं हेलियम होताना सुटणारे सूक्ष्म कण, हवे तेवढे सापडले नाहीत. ही कल्पना नवी नाही, १९७० च्या दशकात राल्फ जर्गेन्स नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने ती मांडली होती आणि त्याच्या हिशोबात सूर्य आणि बाहेरचं अवकाश यांच्यात साधारण हजार कोटी व्होल्टचा फरक होता.

आता पहिला मुद्दा, आणि मी याच्यावरच सगळ्यात जास्त वेळ घालवणार आहे कारण बाकीचं सगळं याच्यावर उभं आहे. मेसेज म्हणतो प्लाझ्मामध्ये इलेक्ट्रॉन मोकळे असतात म्हणून एकीकडे पॉझिटिव्ह आणि एकीकडे निगेटिव्ह असा चार्ज साचून राहतो आणि मग डिस्चार्ज होतो. इलेक्ट्रॉन मोकळे असतात हे बरोबर. पण मोकळे असल्यामुळेच ते चार्ज साचू देत नाहीत, हे नेमकं उलटं आहे.

घरातली जुनी ट्यूबलाइट आठवा, चोक आणि स्टार्टरवाली. तिच्या आत थोडा आर्गॉन आणि पाऱ्याची वाफ. दोन्ही टोकांना फिलामेंट, त्याच्यावर पांढरट लेप, तो तापला की त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि तो लेप झिजून उडत जातो म्हणून ट्यूबची टोकं काळी पडतात. नळीतल्या प्लाझ्मात दर घन सेंटिमीटरला साधारण दहा हजार कोटी मोकळे इलेक्ट्रॉन असतात आणि तेवढेच पॉझिटिव्ह आयन (इलेक्ट्रॉन गमावलेले अणू), जवळजवळ तंतोतंत तेवढेच. समजा नळीच्या मधल्या एक सेंटिमीटर त्रिज्येच्या गोळ्यातून फक्त एक टक्का इलेक्ट्रॉन बाहेर काढून टाकले, तर त्या गोळ्याच्या कडेला दर सेंटिमीटरला सहाशे व्होल्टचं विद्युत क्षेत्र तयार होईल. चालू ट्यूबमध्ये ते दर सेंटिमीटरला एका व्होल्टच्या आसपास असतं. म्हणजे एक टक्क्याची गडबड झाली तरी सहाशे पट जोराने ते इलेक्ट्रॉन परत खेचले जाणार, आणि इलेक्ट्रॉन हा प्रोटॉनच्या १८३६ पट हलका, त्याला परत यायला वेळ लागत नाही. तो येतो, वेगात असल्यामुळे पुढे निघून जातो, परत खेचला जातो, परत पुढे, असा झोका चालू होतो. या झोक्याला एक ठरलेली फ्रिक्वेन्सी असते आणि ती फक्त दर घन सेंटिमीटरला इलेक्ट्रॉन किती आहेत यावर ठरते. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

मग एखादा जास्तीचा पॉझिटिव्ह चार्ज प्लाझ्मात ठेवलाच तर? आजूबाजूचे इलेक्ट्रॉन त्याच्याभोवती जरा दाटी करतात आणि थोड्या अंतरानंतर बाहेरच्याला तो चार्ज दिसतच नाही. या अंतराला डिबाय लांबी म्हणतात. ट्यूबलाइटमध्ये ती मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढी, कोरोनात काही मिलिमीटर, आणि पृथ्वीजवळच्या सौर वाऱ्यात, जिथे घन सेंटिमीटरला जेमतेम पाच-दहा इलेक्ट्रॉन असतात तिथे साधारण दहा मीटर. दहा मीटर म्हणजे एका एसटीच्या लांबीएवढं. आणि सूर्य पृथ्वीपासून पंधरा कोटी किलोमीटरवर. सूर्याने आपलं "पॉझिटिव्ह टोक" आकाशगंगेला दाखवून तिथले इलेक्ट्रॉन ओढायचे म्हटलं तर मधला सगळा प्लाझ्मा त्याला झाकून टाकायला बसलेलाच आहे.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी, सूर्यावर थोडा पॉझिटिव्ह चार्ज खरंच असतो. इलेक्ट्रॉन हलके, तेवढ्याच तापमानाला प्रोटॉनपेक्षा खूप जोरात पळतात, त्यांना सूर्याचं गुरुत्वाकर्षण धरून ठेवू शकत नाही. थोडेसे निसटले की सूर्य किंचित पॉझिटिव्ह होतो आणि बाकीच्यांना धरून ठेवतो. हा हिशोब १९२२ ला पानेकूक आणि १९२४ ला रोसलँड यांनी केला, आणि सोप्या गणिताने सूर्याचा एकूण चार्ज निघतो साधारण ७७ कूलॉम (कूलॉम हे चार्ज मोजायचं एकक). तुमच्या मोबाइलची ५००० एमएएचची बॅटरी पूर्ण उतरेपर्यंत तिच्यातून १८,००० कूलॉम वाहून जातात. अख्ख्या सूर्याला ७७. मी पहिल्यांदा हे गणित फळ्यावर केलं तेव्हा चूक झाली असं वाटून पुसून परत केलं होतं, दुसऱ्यांदाही तेच आलं.

दुसरा मुद्दा, शास्त्रज्ञ विजेचं नाव काढत नाहीत. हे वाचून मला खरंच वाईट वाटलं. प्लाझ्मा हे नावच १९२८ मध्ये आयर्विंग लँगम्यूरने विजेच्या डिस्चार्जवर काम करताना दिलं. कोणत्या तापमानाला किती अणूंचे इलेक्ट्रॉन सुटतात हे समीकरण १९२० मध्ये आपल्या मेघनाद साहांनी दिलं, त्याच्याशिवाय ताऱ्यांचा प्रकाश वाचताच आला नसता, आणि त्याच समीकरणाने कळतं की सूर्याच्या पृष्ठभागावर हायड्रोजनच्या साधारण दहा हजार अणूंमागे एखाद्याचाच इलेक्ट्रॉन सुटलेला असतो. प्लाझ्मातल्या करंट आणि चुंबकीय लहरींवरच्या कामासाठी हान्नेस आल्फव्हेनला १९७० चं नोबेल मिळालं. गांधीनगरला आदित्य टोकामॅक, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात प्लाझ्मा कोंडून ठेवणारं यंत्र, १९८९ पासून आहे, तिथे प्लाझ्मातून करंट सोडणं हे रोजचं काम. सूर्याच्या आत आणि आसपास करंट आहेतच, ते कुणीच नाकारत नाही. ते सूर्याला चालवत नाहीत, सूर्य त्यांना चालवतो, वाद एवढाच आहे.

तिसरा मुद्दा हा मेसेजचा गाभा: इलेक्ट्रॉन बाहेरून सूर्याकडे येतायत आणि ऊर्जा आणतायत. ठीक आहे, आपण मान्य करून बघू काय होतं. पृथ्वीच्या अंतरावर सूर्याकडून दर चौरस मीटरला १३६१ वॅट प्रकाश येतो. सूर्याला ही ऊर्जा बाहेरून येणारे इलेक्ट्रॉन देत असतील तर सूर्याकडे जाताना ते पृथ्वीच्या अंतरावरून जाणारच, म्हणजे दर चौरस मीटरमधून १३६१ वॅटचे वेगवान इलेक्ट्रॉन रात्रंदिवस उलट्या दिशेने गेले पाहिजेत. घरातल्या हीटरएवढी ऊर्जा, आणि ती सगळी रेडिएशनच्या रूपात. जर्गेन्सचे हजार कोटी व्होल्ट धरले तरी त्या माऱ्यात माणूस काही मिनिटांत जीवघेणा डोस घेईल, व्होल्टेज कमी धरलं तर इलेक्ट्रॉनची संख्या वाढते. डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो १७ चे दोघं चंद्रावर यानाबाहेर, पृथ्वीच्या चुंबकीय कवचाच्या बाहेर, एकूण २२ तास फिरले. ते घरी परत आले.

आणि आता तर आपणच मोजतोय. २ सप्टेंबर २०२३ ला श्रीहरिकोटाहून गेलेलं इस्रोचं सूर्याचा अभ्यास करणारं यान आदित्य-एल१ हे ६ जानेवारी २०२४ ला पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर आपल्या जागी पोचलं. त्याच्यावरची सूर्याचे अतिनील फोटो घेणारी दुर्बीण आपल्या पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेने बनवलीय हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण त्याच यानावर 'पापा' नावाचं उपकरण आहे जे सौर वाऱ्यातले इलेक्ट्रॉन आणि आयन मोजतं, याबद्दल कुणी बोलत नाही. मोजलेला सौर वारा किती ऊर्जा नेतो? सूर्यप्रकाशाच्या लाखाव्या हिश्श्याहूनही कमी. आणि तीही बाहेरच्या दिशेने.

इथे मेसेजवाले एक हुशारी करतात, ते म्हणतात यानांना सूर्याकडे जाणारे इलेक्ट्रॉन दिसलेत. दिसलेत, खरंय. सौर वारा सेकंदाला साधारण चारशे किलोमीटर वेगाने वाहतो पण त्यातला एकेक इलेक्ट्रॉन उष्णतेमुळे सेकंदाला दोन हजार किलोमीटरच्या आसपास वेगाने सैरावैरा पळत असतो, तेव्हा कोणत्याही क्षणी त्यातले बरेचसे सूर्याच्या दिशेने तोंड करून असणारच. आषाढीची दिंडी बघा, दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर पंढरपूरकडे सरकते, पण तिच्यातली पोरं मागेपुढे धावत असतात, कुणी पाण्यासाठी उलटं जातं, कुणी मागे राहिलेल्या आजीला आणायला जातं. एक फोटो काढलात तर तोंडं चारी दिशांना दिसतील. म्हणून दिंडी आळंदीला परत चाललीय असं कुणी म्हणेल का? सगळ्यांचा सरासरी वेग काढला की इलेक्ट्रॉन बाहेर जाताना दिसतात, प्रोटॉनच्या बरोबरीने. आणि तसं झालंच पाहिजे, कारण सूर्य दर सेकंदाला दहा लाख टनांहून जास्त पदार्थ वाऱ्यात सोडतो, त्यातले फक्त प्रोटॉन गेले आणि इलेक्ट्रॉन मागे राहिले तर ते ७७ कूलॉम क्षणभरही टिकणार नाहीत.

त्यातून जे इलेक्ट्रॉन खरंच झुंडीने वेगात जातात ते तर आपल्याला रेडिओवर ऐकू येतात. सूर्यावर स्फोट झाला की प्रकाशाच्या वेगाच्या दहाव्या ते तिसऱ्या हिश्श्याच्या वेगाने इलेक्ट्रॉनचा झोत सुटतो, तो वाटेतल्या प्लाझ्माला झोके देत जातो आणि त्या झोक्यांतून रेडिओ लहरी निघतात. कोरोनात खाली दाटी जास्त, तिथे फ्रिक्वेन्सी १०० मेगाहर्ट्झच्या आसपास म्हणजे आपल्या एफएमच्या पट्ट्यात, आणि झोत जसा पुढे सरकतो तशी ती झरझर खाली येत जाते, पृथ्वीजवळ पोचेपर्यंत वीस-तीस किलोहर्ट्झ. फ्रिक्वेन्सी खाली उतरणं म्हणजे इलेक्ट्रॉन दाटीतून विरळ जागेकडे, म्हणजेच सूर्यापासून बाहेर जातायत. १९५० पासून असे स्फोट नोंदवले जातायत.

चौथा मुद्दा कोरोनाचा. पृष्ठभाग साडेपाच हजार डिग्री आणि वरचा कोरोना दहा-वीस लाख डिग्री, म्हणजे उष्णता बाहेरून येते, असं मेसेज म्हणतो. आकडे बरोबर आहेत. १९४० च्या आसपास बेंग्ट एडलेनने दाखवलं की ग्रहणात कोरोनात दिसणारी हिरवी रेषा ही अशा लोखंडाची आहे ज्याचे २६ पैकी १३ इलेक्ट्रॉन उडालेले आहेत, आणि अर्धे इलेक्ट्रॉन उडवायला लाखो डिग्री लागतातच. पण तापमान म्हणजे उष्णता नाही. परत ट्यूबलाइटकडे या. तिच्या आतल्या इलेक्ट्रॉनचं तापमान ११,००० अंशांच्या घरात असतं, सूर्याच्या पृष्ठभागाहून जास्त, आणि नळीला हात लावला तर ती कोमट लागते. कारण इलेक्ट्रॉन इतका हलका की आर्गॉनच्या अणूवर आपटला तर आपल्या ऊर्जेचा साधारण ३६ हजारावा हिस्सा देतो आणि उसळून परत जातो, गोटी रोडरोलरवर आपटावी तसा. त्यामुळे एकाच नळीत गॅस चाळीस डिग्रीला आणि इलेक्ट्रॉन अकरा हजारांना असे दोघं शेजारी नांदतात. कोरोनाची गोष्ट थोडी वेगळी, तिथे आयन पण तापलेले असतात, पण तो आपल्या हवेपेक्षा हजार कोटी पटीहून विरळ आहे. फुलबाजीची ठिणगी हजारावर डिग्रीची असते, हातावर पडली तर भाजत नाही, कारण तिच्यात माल किती? कोरोना तापता ठेवायला सूर्याच्या एकूण ऊर्जेचा दहा हजारावा हिस्सा पण लागत नाही, आणि ती ऊर्जा खालच्या खळबळीतून चुंबकीय क्षेत्रामार्फत वर जाते. लहरींचा वाटा किती आणि छोट्या छोट्या स्फोटांचा किती यावर अजून वाद चालू आहे आणि तो खुलेआम चालू आहे. पण एवढ्याशा चिल्लरीचा हिशोब लागायचाय म्हणून अख्खी तिजोरी बाहेरून भरली जाते असं होत नाही. नासाचं पार्कर यान या कोरोनातून जाऊन आलंय, २४ डिसेंबर २०२४ ला ते सूर्यापासून फक्त ६१ लाख किलोमीटरवर होतं, त्याची ढाल साधारण १४०० डिग्रीसाठी बनवलीय आणि ती तापते ती प्रकाशाने. लाखो डिग्रीच्या प्लाझ्मात असूनही.

पाचवा, सौर वारा वेग कसा घेतो. "फक्त विद्युत क्षेत्रच असं करू शकतं" असं म्हटलंय. बरं, क्षेत्र सूर्याच्या पॉझिटिव्ह टोकाचं असतं तर प्रोटॉन बाहेर ढकलले गेले असते आणि इलेक्ट्रॉन आत, दोघांच्या दिशा उलट झाल्या असत्या. मोजलं तर दोघं एकाच दिशेला. १९५८ मध्ये युजीन पार्कर या शास्त्रज्ञाने (वरच्या यानाला त्याचंच नाव आहे) दाखवलं की एवढा गरम कोरोना सूर्याला धरून ठेवता येणारच नाही, तो आपल्या दाबाने बाहेर वाहणार आणि वाहताना वेग घेणार. त्याचा पेपर दोन्ही परीक्षकांनी नाकारला होता, पण संपादक होते आपले खगोलशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर, त्यांना स्वतःला कल्पना पटली नव्हती तरी गणितात चूक सापडेना म्हणून त्यांनी छापला. १९६२ ला मरिनर २ यानाने वारा सलग मोजला. आणि विद्युत क्षेत्र? तेही आहे. इलेक्ट्रॉन आधी निसटायला बघतात आणि जड प्रोटॉनना मागून ओढून नेतात, ते ओढणं म्हणजेच ते क्षेत्र, पार्कर यानाच्या इलेक्ट्रॉन मोजणीतून ते दिसतं आणि ते काही शे व्होल्टचं, फार तर हजाराच्या आसपास. हजार कोटी कुठे आणि हजार कुठे, आणि तेही सूर्याच्या स्वतःच्या उष्णतेतून आलेलं.

डागांचं थोडक्यात. ते काळे नाहीत, साडेतीन-चार हजार डिग्रीचे आहेत, शेजारी जास्त उजेड आहे म्हणून काळे दिसतात. १९०८ ला जॉर्ज हेलने दाखवलं की तिथे जोरदार चुंबकीय क्षेत्र असतं, ते खालून येणारा गरम प्लाझ्मा अडवतं. डाग म्हणजे आत बघायचं भोक नव्हे. आत बघायचं तर सूर्याच्या पृष्ठभागाची थरथर मोजतात, जगभरातल्या सहा दुर्बिणी हे करतात आणि त्यातली एक आपल्या उदयपूरला आहे, त्यावरून कळतं की आत जावं तसं तापमान वाढतच जातं, केंद्राशी दीड कोटी डिग्री.

न्यूट्रिनोचा मुद्दा तर वीस वर्षं शिळा आहे. आधीच्या प्रयोगांत ते कमी सापडले हे खरं, पण २००१-०२ मध्ये कॅनडातल्या सडबरीच्या खाणीतल्या प्रयोगाने दाखवलं की ते वाटेत प्रकार बदलतात, सगळे प्रकार मोजले की आकडा बरोबर जुळतो. २०१५ चं नोबेल त्याच्यासाठीच होतं. सूर्याच्या पोटात हायड्रोजनचं हेलियम होतंय त्याचे हे थेट साक्षीदार, आत्ता तुमच्या नखावरून दर सेकंदाला हजारो कोटींनी जातायत.

एवढं सांगितल्यावर माझ्या त्या इंजिनिअर विद्यार्थ्याने शेवटचा प्रश्न विचारला, की मॅडम, ते म्हणतात सगळं व्होल्टेज सूर्यमालेच्या कडेला एका पातळ थरात पडतं, तिथे कोण मोजायला गेलंय? अरे, गेलंय ना. नासाच्या व्हॉयेजर १ यानाने २५ ऑगस्ट २०१२ ला ती कड, म्हणजे सौर वारा जिथे संपतो ती सीमा, ओलांडली आणि व्हॉयेजर २ ने ५ नोव्हेंबर २०१८ ला. हजार कोटी व्होल्टच्या थरातून दोन्ही यानं १९७७ च्या इलेक्ट्रॉनिक्ससकट आरपार गेली आणि पुढे माहिती पाठवत राहिली. व्हॉयेजर १ चं प्लाझ्मा मोजायचं उपकरण तर केव्हाच बंद पडलेलं, मग ते बाहेर पडलं हे कळलं कसं? सूर्यावरच्या एका जुन्या स्फोटाची लाट वर्षभराने तिथे पोचली आणि २०१३ च्या एप्रिल-मे मध्ये तिने आजूबाजूच्या इलेक्ट्रॉनना झोका दिला, तोच झोका जो मी ट्यूबलाइटमध्ये सांगितला. यानाच्या अँटेनाने तो पकडला, फ्रिक्वेन्सी २.६ किलोहर्ट्झ, स्पीकरला जोडली तर कानाला ऐकू येईल अशी शिट्टी. त्यावरून गणित केलं की निघतं घन सेंटिमीटरला ०.०८ इलेक्ट्रॉन, म्हणजे बारा-तेरा घन सेंटिमीटर मिळून एक. सूर्याकडे धावत येणारी झुंड तिथे नव्हती, होते ते जागच्या जागी झुलणारे मोजके इलेक्ट्रॉन.